होज पाइप फुटण्यापूर्वी

मार्चअखेरीस उन्हाचा चटका वाढू लागला की मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली ते पडघा या टप्प्यात, बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या मोटारी दिसू लागतात. पुढून वाफेचे लोट येत असतात आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन हताशपणे उभा असतो. ‘रेडिएटर फुटला’ असे म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. प्रत्यक्षात अनेकदा रेडिएटर शाबूत असतो. दगा दिलेला असतो तो रेडिएटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीने. गॅरेजच्या भाषेत तिला ‘होज पाइप’ म्हणतात.

सर्वसाधारण मोटारीसाठी हा पाइप काही शे रुपयांत मिळतो. तो फुटल्यानंतर गाडी तशीच दोन-चार किलोमीटर रेटली, तर मात्र हेड गॅस्केट जळणे, इंजिनाचे हेड वाकणे अशी दुखणी उद्भवतात आणि खर्च कित्येक हजारांच्या घरात जातो. शिवाय कंटेनर आणि ट्रक यांच्या गर्दीत, विशेषतः रात्री, गाडी बंद पडणे हे जिवावर बेतणारे ठरू शकते. म्हणूनच या साध्या नळीची ओळख करून घेणे प्रत्येक वाहनधारकाच्या हिताचे आहे.

भिवंडीतील दुहेरी परीक्षा

मोटारीची शीतकरण यंत्रणा दोन प्रकारच्या वापरात सर्वाधिक शिणते. एक म्हणजे कोंडीतील रेंगाळणे आणि दुसरा म्हणजे चढावर किंवा वेगात दीर्घकाळ चालणे. भिवंडी परिसरात हे दोन्ही प्रकार एकाच प्रवासात अनुभवास येतात. कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा या मार्गावर किंवा रांजनोली नाक्यावर गोदामांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांमागे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असते. अशा वेळी रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही आणि सारी भिस्त पंख्यावर राहते. वातानुकूलन यंत्र चालू असेल तर बॉनेटखालील हवा अधिकच तापते.

ही कोंडी पार करून नाशिककडे निघालेल्या गाडीपुढे कसारा घाट उभा असतो. घाटमाथ्यावरील इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. भिवंडी तालुक्यातील आमणे येथून सुरू होणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूरपर्यंत, म्हणजे संपूर्ण ७०१ किलोमीटर, खुला झाला. त्यामुळे शहरात तासाला वीस-तीस किलोमीटरच्या वेगाने फिरणारी गाडी आता थेट शंभरच्या वेगाने तासन्‌तास धावू लागली आहे. शहरातल्या वापरात केवळ थेंब-थेंब गळणारा पाइप अशा प्रवासात फाटू शकतो. इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात असे काही घडले, तर काय गोंधळ उडेल याची कल्पना करावी.

नळीचे काम

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग शीतकरण यंत्रणेला वाहून न्यावा लागतो. हे काम इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरणारे कूलंट करते. वॉटर पंप त्याला फिरवितो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बंद राहतो. साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो उघडतो आणि तापलेले कूलंट वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये जाते. तेथे थंड होऊन ते खालच्या पाइपवाटे पंपाकडे परतते. काही गाड्यांत ही रचना थोडी वेगळी असते, पण तत्त्व हेच. याखेरीज केबिनमधील हीटरकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात.

ही जोडणी धातूच्या नळीने करता येत नाही. इंजिन सतत थरथरत असते, रेडिएटर मात्र गाडीच्या सांगाड्याला पक्का बांधलेला असतो. दोहोंमधील हालचाल सोसण्यासाठी लवचीक नळीच हवी.

या नळीला उष्णतेबरोबर दाबही सोसावा लागतो. रेडिएटरचे झाकण आतला दाब वातावरणापेक्षा साधारण १ बारपर्यंत, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो इतका, वाढू देते. या दाबामुळे साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि कूलंट मिसळलेले पाणी त्याहूनही काही अंश अधिक तग धरते. मात्र पाइप फुटताच दाब एकदम नाहीसा होतो. क्षणापूर्वी द्रवरूप असलेल्या पाण्याची तत्क्षणी वाफ होऊ लागते. रस्त्यावर दिसणारे वाफेचे लोट हे त्याचेच दृश्य रूप होय.

बाहेर रबर, आत सूत

होज पाइप हा निव्वळ रबराचा असतो, असा सर्वसाधारण समज आहे. पाइप आडवा कापून पाहिल्यास त्याच्या जाडीत रबराच्या दोन थरांमध्ये विणलेल्या धाग्यांची जाळी दिसते. रबर उष्णता आणि रसायने सोसते, परंतु एकट्या रबराची नळी दाबाखाली फुग्यासारखी फुगली असती. तिला आवळून धरण्याचे काम हे सूत करते. यंत्रमागांच्या भिवंडीत सुताच्या ताकदीविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. तंतोतंत तीच ताकद या नळीतही कामाला येते. सूत कुजले की वरचे रबर कितीही तुकतुकीत दिसो, पाइपाचे आयुष्य संपलेले असते.

आणि नेमके हे कुजणे बाहेरून दिसत नाही. इंजिनात लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ असे निरनिराळे धातू असतात आणि त्यांना एकच द्रव स्पर्श करीत असतो. त्यातून बॅटरीप्रमाणे अतिशय क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. त्याच्या परिणामाने नळीच्या आतील पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने सूक्ष्म भेगा पडतात. या भेगांतून कूलंट सुतापर्यंत झिरपते, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे धाग्यांतून पसरते आणि त्यांना दुबळे करते. ही झीज पाइपाच्या मधल्या भागापेक्षा टोकांजवळच्या दोन इंचांत अधिक होते. सततच्या उष्णतेने आणि हादऱ्यांनी भेग वाढत जाते आणि एके दिवशी पाइप टोकाजवळ लांबट फाटतो. ‘काल तर चांगला होता’ असे चालक म्हणतो, ते त्याच्या परीने खरेच असते, कारण त्याने पाइप फक्त बाहेरून पाहिलेला असतो.

डोळ्यांपेक्षा बोटे विश्वासू

पाइपाची परीक्षा म्हणूनच हाताने करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना, चावी काढून ठेवून ही तपासणी करावी. अनेक गाड्यांचा विजेवरील पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, याचे भान ठेवावे.

पाइप प्रथम क्लिपच्या अगदी लगत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाबावा, मग मध्यभागी दाबावा. निरोगी पाइप दोन्हीकडे सारखाच घट्ट, पण लवचीक लागतो. टोकाजवळ तो मध्यापेक्षा मऊ आणि पोकळ वाटला किंवा बोटांखाली आतल्या बाजूस खाच जाणवली, तर आतून झीज झाली आहे असे समजावे आणि पाइप बदलावा.

पाइप लाकडासारखा टणक झाला असेल आणि दाबताच करकर वाजत असेल, तर तो उष्णतेने वाळला आहे. एखाद्या जागी फुगवटा दिसत असेल, तर तेथील सूत तुटले आहे आणि तो केव्हाही फुटू शकतो. पाइप चिकट, स्पंजासारखा लिबलिबीत लागत असेल, तर त्यावर इंजिनातील तेल गळत आहे. या पाइपांसाठी वापरले जाणारे रबर पाण्याला दाद देत नाही, पण खनिज तेलाने फुगते. अशा वेळी नुसता पाइप बदलून भागत नाही. तेलाची गळती आधी थांबवावी लागते.

क्लिपच्या भोवती पांढरी, हिरवट किंवा गुलाबी खरड साचलेली दिसल्यास तेथे मंद गळती आहे. गरम इंजिनावर गळलेले पाणी उडून जाते, मागे क्षार राहतात. जमिनीवर थेंब न पडताही बाटलीतील पातळी कमी होत जाते, त्याचे एक कारण हे असते.

कोणते लक्षण काय सांगते?

दोष नेहमी पाइपातच असतो असे नाही. पाइप हा बऱ्याचदा दुसऱ्या दोषाची खबर देणारा दूत असतो.

गाडी थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला, तर संशय रेडिएटरच्या झाकणावर घ्यावा. कूलंट थंड होऊन आकसते तेव्हा झाकणातील छोटी झडप उघडून बाटलीतले पाणी आत येऊ देते. ती अडकली की आत निर्वात स्थिती निर्माण होते. खालचा पाइप इंजिनाची गती वाढविताच आत ओढला जात असेल, तर रेडिएटर चोंदला असण्याची शक्यता असते. काही गाड्यांत या पाइपाच्या आत त्यासाठीच स्प्रिंग बसविलेली असते. ती गंजून मोडली तरी असेच घडते.

इंजिन तापले आहे, वरचा पाइप कढत आहे, पण खालचा थंडच आहे, याचा अर्थ कूलंट रेडिएटरमधून फिरत नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, रेडिएटर चोंदला आहे किंवा पंप निकामी झाला आहे. याउलट गाडी सुरू केल्यापासूनच पाइप हळूहळू कोमट होत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे किंवा कोणी तो काढून टाकला आहे. ‘आपल्याकडील उन्हाळ्यात थर्मोस्टॅट नकोच’ असे म्हणून तो काढण्याची रीत काही गॅरेजमध्ये आजही आढळते. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक जळते आणि झीज वाढते. मूळ दोष मात्र तसाच राहतो.

थंड इंजिन सुरू केल्यानंतर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. हेड गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात शिरत असल्याची ती खूण असते. बाटलीत बुडबुडे येत असतील तर शंका आणखी बळावते. असा दोष असताना पाइप बदलत राहणे म्हणजे रोग सोडून लक्षणावर उपचार करणे होय.

गाडीखाली ओल दिसली की घाबरून जाण्याचेही कारण नाही. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी स्वच्छ आणि वासरहित असते. कूलंटला रंग, किंचित गोडसर वास आणि बोटांना जाणवणारा बुळबुळीतपणा असतो. पुढील आसनाच्या पायांशी गालिचा ओला होत असेल आणि काचेवर चिकट धुके साचत असेल, तर हीटरकडील भाग तपासावा. गळती कोठे आहे हे तरीही कळत नसेल, तर गॅरेजमध्ये हातपंपाने थंड यंत्रणेत दाब भरून तपासणी करता येते. दाब टिकला नाही, तर गळतीची जागा बहुधा डोळ्यांसमोर येते.

सीएनजी आणि उंदीर

ठाणे जिल्ह्यात सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींची संख्या मोठी आहे. सिलिंडरमधील उच्च दाबाचा वायू रिड्यूसरमध्ये प्रसरण पावताना अतिशय थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनाच्या गरम कूलंटची ऊब दिली जाते. त्यासाठी हीटरच्या नळ्यांत जोड देऊन आणखी बारीक पाइप ओढलेले असतात. किट बाहेरून बसविले असेल, तर हे जोड आणि त्यांच्या क्लिपा आवर्जून पाहाव्यात. मुख्य पाइप नवा असूनही पाणी कमी होत असेल, तर चोर बहुधा येथे सापडतो.

दुसरा शत्रू उंदीर. गोदामे आणि उघडी गटारे यांच्या शेजारी गाडी उभी राहत असेल, तर वायरींबरोबर बारीक रबरी नळ्याही कुरतडल्या जातात. पावसाळ्यात उबेसाठी उंदीर बॉनेटखाली शिरतात. बरेच दिवस उभी असलेली गाडी बाहेर काढण्यापूर्वी बॉनेट उघडून एकदा नजर टाकावी.

रस्त्यात पाइप फुटल्यास

तापमानाचा काटा वर चढला किंवा लाल दिवा लागला, तर वातानुकूलन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि गाडी डावीकडे सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करावे. अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतोच. थंड इंजिनाचा निळा आणि अतितप्त इंजिनाचा लाल असे दोनच दिवे असतात, हे आधीच माहीत करून घ्यावे. चढलेला काटा एकाएकी खाली आला, म्हणून निश्चिंत होऊ नये. सारे पाणी निघून गेले की तापमान मोजणारा संवेदक कोरडा पडतो आणि चुकीचे, कमी तापमान दाखवू शकतो. ती सुधारणा नसून धोक्याची परिसीमा असते.

वाफ ओसरेपर्यंत बॉनेटला हात लावू नये. रेडिएटरचे किंवा बाटलीचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. पाइप फुटून बहुतेक दाब गेलेला असला, तरी अंगावर उकळते पाणी उडण्याइतका दाब उरलेला असू शकतो. किमान पाऊण तास थांबावे. नंतरही जाड कापड धरून, चेहरा दूर ठेवून, झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, कारण धातूला तडा जाऊ शकतो.

फाट टोकाजवळ असेल आणि पाइपाला लांबी शिल्लक असेल, तर फाटका भाग कापून पाइप पुन्हा क्लिपने बसविता येतो. फाट मधोमध असल्यास ती जागा पुसून कोरडी करावी आणि स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून, एकावर एक वेढे देत गुंडाळावी. रेडिएटरला फिरवून बसविण्याचे झाकण असेल, तर ते पहिल्या खाचेपर्यंतच बसवावे. त्यामुळे दाब साचत नाही आणि पट्टी तग धरते. दाब नसल्याने पाणी लवकर उकळते, म्हणून जवळच्या गॅरेजपर्यंतच, सावकाश आणि थांबत-थांबत जावे. घाट चढण्यासाठी किंवा द्रुतगती मार्गावर चालण्यासाठी ही मलमपट्टी नव्हे. तेथे टोइंगची गाडी बोलावणे हेच शहाणपणाचे.

नवा पाइप बसविताना

पाइप गाडीच्या नेमक्या मॉडेलचाच घ्यावा. त्याची वळणे ठरलेली असतात. सरळ नळी वाकवून बसविली की ती मुडपते आणि प्रवाह अडतो. एक पाइप वयाने गेला असेल, तर दुसराही त्याच वयाचा असतो. म्हणून वरचा आणि खालचा दोन्ही एकदमच बदलणे स्वस्त पडते.

जुना पाइप पिरगाळून ओढू नये. अलीकडच्या बहुतेक रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि ओढाताणीत त्यांची नळकांडी तुटते. पाइप ब्लेडने लांबीच्या दिशेने अलगद चिरून सोलून काढावा. नळकांडीवरील क्षार साफ करावेत. नवा पाइप सरकविण्यासाठी थोडे कूलंट किंवा पाणी लावावे. ग्रीस किंवा तेल लावू नये.

पेच फिरवून आवळण्याची क्लिप १९२१ साली ब्रिटनमध्ये लम्ली रॉबिन्सन या नौदल अधिकाऱ्याने शोधली आणि आजही तीच सर्वत्र चालते. ती नळकांडीवरील उंचवट्याच्या मागे, पाइपाच्या टोकापासून किंचित आत बसवावी. जोर लावून अति आवळल्यास पत्र्याची कड रबरात रुतते आणि नवी गळती सुरू होते. मूळ क्लिप स्प्रिंगची असेल, तर शक्यतो तशीच वापरावी. तापल्या-निवल्यावर रबर प्रसरण-आकुंचन पावते, त्याला ती आपोआप सावरून घेते.

कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढणे अत्यावश्यक आहे. त्यासाठीचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. आठवडाभराने क्लिपा एकदा तपासाव्यात.

पाणी कोणते?

विंधन विहिरीचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय सोडावी. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदवतात, धातू गंजवितात आणि वर उल्लेखलेला विद्युत-रासायनिक ऱ्हासही वाढवितात. कूलंट तयार मिश्रणाचे नसेल, तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे. कूलंट केवळ थंडीच्या प्रदेशासाठी असते, हा गैरसमज आहे. उकळण्याची मर्यादा वाढविणे आणि गंज रोखणे ही त्याची कामे भिवंडीच्या उन्हातही तितकीच मोलाची आहेत. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही, म्हणून निरनिराळ्या प्रकारांची भेसळ न करता माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे. काढलेले कूलंट गटारात किंवा मोकळ्या जागी ओतू नये. त्यातील इथिलिन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. मुले आणि मुकी जनावरे त्याला बळी पडू शकतात.

विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींतही बॅटरी थंड राखण्यासाठी कूलंटच्या नळ्या असतात. त्यांच्या आसपास उच्च दाबाच्या नारिंगी वायरी असल्याने तेथे घरगुती दुरुस्ती करू नये.

प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला पाइप हाताने दाबून पाहण्यास सांगावे आणि पाइप चार-पाच वर्षांचे झाले की फुटण्याची वाट न पाहता बदलावेत. बदललेल्या पाइपावर तारीख लिहून ठेवल्यास पुढची वेळ चुकत नाही. लांबच्या प्रवासापूर्वी टायरमधील हवा पाहण्याची सवय आपल्याला आता लागली आहे. तिला सकाळच्या थंड इंजिनावरील दोन मिनिटांच्या या चिमटीची जोड दिली, तर घाटाच्या पायथ्याशी वाफेच्या लोटात उभे राहण्याचा प्रसंग बहुतांशी टळेल.